बाईंची गाडी का बंद पडायची

"आता लावून बघ," बाई म्हणाल्या.

मी इंजिन तापवायचा हीटर दाबून धरला आणि चावी फिरवली. अँबॅसिडर पहिल्याच झटक्याला सुरू झाली. आवाजात खोट नाही, धूर नाही. मी अजून पिशवीतून पानासुद्धा काढला नव्हता.

नेसरीच्या रस्त्यावर, चढाच्या मध्यावर, भर दुपारी आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"काय केलंस तू?"

"काहीच नाही केलं, बाई. नुसती चावी मारली."

"मी पाऊण तास तेच करत होते."

बाईंनी पर्समधून वही काढली आणि मनगटावरच्या घड्याळात बघून लिहिलं. बंद पडली अकरा पन्नास, सुरू झाली बारा पस्तीस. कारणाच्या रकान्यात त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. वर त्याच रकान्यात आणखी दोन प्रश्नचिन्हं होती.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. तेव्हा माझं गडहिंग्लजमध्ये गॅरेज होतं, आजही आहे. चौगुले बाई आम्हाला शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी दहावीला गणितात नापास झालो तेव्हा त्यांनीच माझ्या बापाला गाठून मला आयटीआयला घालायला लावलं होतं. निवृत्त झाल्यावर बाई घरी बसल्या नाहीत. मिस्टर, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, ते वारले, त्यांची जुनी डिझेल अँबॅसिडर मागे राहिली. बाई साठीच्या पुढं गाडी शिकल्या, मागच्या सीटवर सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्या, लोहचुंबक असलं सामान भरलं आणि दर मंगळवारी, गुरुवारी नेसरीकडच्या लहान लहान शाळांतून प्रयोग दाखवत फिरू लागल्या.

त्यातच त्यांनी ते तेलाचं काढलं. वडापावच्या गाड्यांवरचं, खानावळींतलं उरलेलं जळकं तेल आणायचं, परसातल्या पत्र्याच्या खोलीत गाळायचं, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं आणि पिंपात ठेवून द्यायचं. खाली काळपट ग्लिसरीन बसायचं, वर मधासारखं पातळ तेल राहायचं. ते पाण्यानं धुऊन, सुकवून बाई गाडीत भरायच्या. बायोडिझेल. गाडी पुढून गेली की मागं तळणीचा वास रेंगाळायचा.

दोन महिने सगळं ठीक चाललं. मग गाडी बंद पडू लागली.

पहिल्यांदा मी फिल्टर उघडला तर आत डांबर. बाई खूश झाल्या.

"मला हे अपेक्षितच होतं," त्या म्हणाल्या. "हे तेल मळ विरघळवतं, दस्तगीर. टाकीत आणि पाईपात वीस वर्षांचा डिझेलचा गाळ चिकटून बसलाय, तो सुटतोय. दोन-तीन फिल्टर जातील. मग बघ."

तसंच झालं. आठ दिवसांनी दुसरा फिल्टर काळा, पंधरा दिवसांनी तिसरा जरा कमी काळा. चौथा उघडला तर जवळजवळ कोरा. बाईंनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "झालं. संपला मळ."

आणि दुसऱ्याच दिवशी गाडी चढावर बंद पडली.

तिथून माझं डोकं चालेनासं झालं. फिल्टर कोरा, मग तेल अडतंय कुठं? मी पाईप फुंकले. फीड पंप बदलला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक साफ केलं. इंजेक्टर काढून तपासून आणले. गॅरेजमध्ये गाडी दोन-दोन तास चालू ठेवली, कधी बंद पडली नाही. रस्त्यावर नेली की पडायची. आणि अर्धा-पाऊण तास तशीच सोडली की आपली आपण सुरू व्हायची, जणू मधे काही घडलंच नाही. बिघाड असेल तर तो राहायला हवा ना? आपोआप बरा होणारा बिघाड मी जन्मात बघितला नव्हता. जेवताना, अंघोळ करताना, दुसऱ्याची गाडी दुरुस्त करताना माझ्या डोक्यात तेच. शमशाद, माझी बायको, एकदा म्हणाली, "भाकरी ताटात हाय, तुम्ही ताटाबाहेर चाचपडताय."

"टाकी उतरवून बघायची का?" बाईंनी एकदा विचारलं.

"टाकी मीच केलीय की, बाई. साहेब होते तेव्हा गळत होती म्हणून. तिच्यात काही नाही."

बाईंनी मान हलवली. आणि गाडी पुन्हा चालवायला घेतली.

एप्रिलच्या एका गुरुवारी ती त्याच रस्त्यावर, पण गावापासून लांब, बंद पडली. मोबाईलला रेंज नव्हती. वाट बघायची तर मुलं शाळेत थांबलेली. बाई चालत निघाल्या. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याखालच्या एका मोरीपाशी त्यांना चक्कर आली आणि त्या खाली दगडांत पडल्या. दुधाच्या टेम्पोवाल्याला रस्त्यावर एक चप्पल दिसली म्हणून त्यानं वाकून बघितलं. उजवं मनगट मोडलं होतं, कपाळाला चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून रणधीर आला. रणधीर म्हणजे बाईंचा एकुलता मुलगा आणि माझा वर्गमित्र. तो इंजिनिअर झाला, मोठ्या कंपनीत होता. मी बघायला गेलो तेव्हा बाई पडवीत झोपाळ्यावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. रणधीर फेऱ्या मारत होता.

"त्या टेम्पोवाल्याला चप्पल दिसली नसती तर?" तो म्हणत होता. "आई, मला एवढंच सांग. दिसली नसती तर?"

"दिसली ना."

"हे बघ, तू पुण्याला चल. वर्षभर सांगतोय. हे घर बंद करू. आणि ते परसातलं भट्टीचं प्रकरण आधी बंद."

"माझ्या तेलाचा दोष नाही त्यात, रणधीर. फिल्टर स्वच्छ आहे."

"मग गाडी बंद का पडते?"

बाईंना तेच कळत नव्हतं. रणधीर माझ्याकडे वळला.

"दस्तगीर, तू मेकॅनिक आहेस. तू सांग. तेलानंच बंद पडते ना?"

दोघं माझ्याकडे बघत होते. महिनाभर मी त्या गाडीभोवती फिरत होतो आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "तेलच असणार."

"असणार की आहे?"

"आहे."

बाईंनी झोपाळा पायानं थांबवला. "खात्री आहे तुझी?"

"हो, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या.

एवढंच. वाद नाही, प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डाव्या हातानं पिंपांचे नळ सोडले. तीन आठवड्यांचं तयार तेल एका वीटभट्टीवाल्याला जाळायला देऊन टाकलं. पिंपं धुऊन पालथी घातली. सूक्ष्मदर्शक, नळ्या, सगळं खोक्यांत गेलं. सामानाचा टेम्पो पुढच्या सोमवारी ठरला. गाडी रणधीरच्या ओळखीचा कोणीतरी नेणार होता. रणधीरनं मला निरोप दिला, "ती टाकी पूर्ण रिकामी कर आणि पंपावरचं डिझेल भरून ठेव."

त्याआधीच्या शनिवारी दुपारी मी डिकीतली टाकी उतरवली. आतलं तेल एका कॅनमध्ये काढून घेतलं. तेल मोजायच्या गेजचं झाकण काढून आत बॅटरी मारली. तळाच्या कडेनं काकवीसारखा गाळ होता, कोपऱ्यात अजून बोटभर जाड, मधे मात्र धुतल्यासारखा पत्रा. तेलानं आपलं काम केलं होतं. आणि त्या स्वच्छ पत्र्यावर, तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला चिकटून, एक काळं फडकं होतं.

मी तारेनं ते ओढून बाहेर काढलं. तळहाताएवढं. रॉकेलमध्ये खळबळलं तसा त्याचा रंग दिसायला लागला. निळ्यावर पांढरी फुलं.

गॅरेजच्या मागंच आमचं घर. मी ते फडकं तसंच घेऊन आत गेलो. शमशाद चुलीपाशी होती.

"हे काय आहे बघ."

तिनं चिमटीत धरून उलटसुलट केलं. "ह्यो आपला पडदा की. पुढच्या खोलीतला. जुना झाला म्हणून तुम्हाला चिंध्या करून दिल्या नव्हत्या का? कुठं सापडला?"

मी खाली बसलो.

साहेब हयात असताना टाकी गळत होती. मी ती उतरवली, पाण्यानं भरून डाग दिला, आणि आतला ओलावा टिपायला तारेला चिंध्या गुंडाळून गेजच्या भोकातून फिरवल्या. एक सुटून आत राहिली. चार वर्षं ती कोपऱ्यातल्या गाळात रुतून बसली होती, कोणाला त्रास देत नव्हती. बाईंच्या तेलानं गाळ विरघळवला आणि ती सुटी झाली. चढावर इंजिन जोरात तेल ओढायचं, तशी ती जाऊन नळीच्या तोंडावर बसायची. गाडी बंद झाली, ओढ संपली, की हळूहळू सुटून खाली पडायची. म्हणून अर्ध्या तासानं गाडी सुरू. म्हणून फिल्टर कोरा. महिनाभराचं कोडं एका मिनिटात सुटलं आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

"आता?" शमशादनं विचारलं. तिला मी सगळं सांगितलं होतं.

"आता काय. टाकी धुऊन लावतो. गाडी चालेल."

"आणि बाई?"

"बाई सोमवारी निघाल्यात."

फडकं तिनं साबण लावून धुतलं, पिळलं आणि माझ्या सायकलच्या हँडलवर वाळत टाकलं. कचऱ्यात फेकलं असतं तरी चाललं असतं. मुद्दाम तिथं टाकलं, मला जाता-येता दिसावं म्हणून.

रविवारी सकाळी मी टाकी लावून बाईंकडे गेलो. ओसरीवर खोकी रचली होती. रणधीर दोरी बांधत होता. बाई खुर्चीत बसून कुठल्या खोक्यात काय ते सांगत होत्या.

"बाई, टाकी उतरवली. तळात गाळ होता. सगळा काढला. आता गाडी बंद पडू नये."

"गाळ कशाचा?"

"जुन्या डिझेलचा."

"आणि तो सुटला माझ्या तेलानं."

"हो."

"म्हणजे तू म्हणालास ते बरोबर होतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलाचं उत्तर तपासून बरोबरची खूण करावी तसं त्या बोलल्या. "माझंच चुकलं. मी फक्त फिल्टरकडे बघत राहिले."

तिथं मला थांबता आलं असतं. मी बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता. रणधीरनं मान हलवून पुढच्या खोक्याला हात घातला होता. मी पायरीपर्यंत गेलोही. मग परत आलो, खिशातून फडकं काढलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे पण होतं आत."

बाईंनी ते डाव्या हातानं उचलून उजेडात धरलं. "पडद्याचं कापड दिसतंय."

"आमच्या घरातल्या पडद्याचं. साहेबांच्या वेळी टाकी दुरुस्त केली, तेव्हा माझ्या हातून राहिलं. ते नळीवर बसायचं, म्हणून गाडी बंद पडायची. सुटलेला गाळ फिल्टरमध्ये येऊन केव्हाच संपला होता, बाई. तुमचं बरोबर होतं."

रणधीरनं दोरी खाली टाकली. "म्हणजे तुझ्या चिंधीमुळं आई त्या मोरीत—"

"हो."

"आणि वर तू तिला तेलाचा दोष आहे म्हणून—"

"थांब रणधीर," बाई म्हणाल्या. त्यांनी फडक्याची घडी घातली, एका हातानं, वेळ लागला. "चिंधी राहिली ती चूक. तशी कोणाच्याही हातून होते. मी एकदा वर्गात बर्नर चालू ठेवून घरी आले होते. ते सोड. मला एक सांग, दस्तगीर. त्या दिवशी ह्यानं विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं का गाडी का बंद पडते?"

"नाही, बाई."

"अंदाज?"

"काहीच नव्हता."

"मग तसं का नाही म्हणालास?"

उत्तर होतं, पण ते रणधीरसमोर तोंडातून निघेना. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की रणधीरचा हात सगळ्यांत आधी वर जायचा. माझा कधीच नाही. त्या दिवशी पडवीत पहिल्यांदाच तो मला विचारत होता. मेकॅनिक तू आहेस, तू सांग. तेव्हा मला माहीत नाही असं म्हणायचं नव्हतं.

"माझ्या वहीत तसं काहीसुद्धा नव्हतं," बाई म्हणाल्या. "सगळी प्रश्नचिन्हं होती. तरी मी पिंपं रिकामी केली. का माहितीये? मला वाटलं, मला कळत नसेल, पण ह्याला कळलंय. तीस वर्षं पोरांना सांगत आले की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, मार्क कापणार नाही. एकाच्याही डोक्यात शिरलं नाही वाटतं."

रणधीरनं विचारलं, "म्हणजे आता गाडी बंद पडणार नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "चालवून बघावी लागेल."

टाकीतून काढलेलं तेल गॅरेजमध्ये होतं. बाईंचं तेवढंच तेल शिल्लक होतं. ते दुहेरी कापडातून गाळून भरलं आणि आम्ही तिघं निघालो. मी चालवत होतो, बाई शेजारी, रणधीर मागं. चढ आला. इंजिनाचा आवाज जड झाला. माझे कान टाकीकडे लागलेले. जिथं गाडी थांबायची ते आंब्याचं झाड आलं आणि मागं गेलं.

"वळव," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

आम्ही पुन्हा चढलो. पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा रणधीर मागून म्हणाला, "आता पुढंच जाऊया की. त्या शाळेपर्यंत."

रविवार होता, शाळा बंद. पण गाडीचा वास आला तशी पोरं कुठून कुठून गोळा झाली. सामान सगळं खोक्यांत बांधलेलं, बाईंकडे दाखवायला काही नव्हतं. एका पोरीनं प्लास्टरला बोट लावून विचारलं, "बाई, आत हाड परत कसं चिकटतं?" बाई शाळेच्या पायरीवर बसल्या. रस्त्यावरच्या दोन काटक्या मोडून त्यांनी हाड कसं जुळतं ते दाखवायला घेतलं, डाव्या हातानं, आणि उजवा हात एका पोराच्या मांडीवर ठेवून दिला. तासभर तेच चाललं. रणधीर गाडीला टेकून उभा होता. मधेच त्यानं फोन काढला आणि रेंज शोधत टेकाडावर गेला. परत आल्यावर मला एवढंच म्हणाला, "सामानाच्या टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं."

जूनपासून बाई पुन्हा फिरू लागल्या. पिंपं सरळ झाली. त्यानंतर सात वर्षं त्यांनी गाडी चालवली, त्याच तेलावर. मग डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा आपण होऊन पुण्याला गेल्या.

त्या सात वर्षांत बाईंनी गाडी माझ्याकडे आणली नाही. संकेश्वरला एक मेकॅनिक होता, तिकडे न्यायच्या. बोलणं तुटलं नाही. ईदला शीरखुर्मा घरी गेला की त्या डबा रिकामा पाठवायच्या नाहीत, बाजारात भेटल्या की पोरांचं विचारायच्या. गाडीचा विषय तेवढा काढायच्या नाहीत. मीही काढला नाही.

गॅरेज रस्त्यालाच आहे. मंगळवारी आणि गुरुवारी साडेनऊच्या सुमारास अँबॅसिडर समोरून जायची. मी हातातलं काम थांबवून ऐकत राहायचो. व्हॉल्व्ह जरा वाजतायत का, फीड पंप नीट ओढतोय का, ते एवढ्या अंतरावरूनही कळतं.

"एकदा जाऊन बोलवून तरी या की," शमशाद म्हणायची. "म्हणावं, आणा गाडी हिकडं."

"कशाला?" मी म्हणायचो. "चांगली चाललीय."